परदेशात वारलेल्या भावाची वारस नोंद : रेडिंग ते औसा, आमचा अनुभव

माझा धाकटा भाऊ फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंगला वारला. वय ४१, हृदयविकाराचा झटका. लग्न केलेलं नव्हतं, मृत्युपत्र नव्हतं. २०१६ पासून तो ब्रिटिश नागरिक होता आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते कार्ड, होतं. तिकडे कर्जावर घेतलेला फ्लॅट, बँकेतले पैसे आणि नोकरीतले लाभ. इकडे औसा तालुक्यात वाटणीत आलेली शेती, लातूरला एक प्लॉट आणि बँकेत ठेव. हे सगळं आई-अण्णांच्या नावे व्हायला २०२५ चा उन्हाळा उजाडला. त्या काळात मराठीतून लिहिलेला असा एखादा अनुभव मी फार शोधला, मिळाला नाही. म्हणून आमचा लिहून ठेवते. मी लातूरला जिल्हा परिषद शाळेत शिकवते, वकील नाही. तेव्हा यातला कायदा आमच्या घराला जसा लागू झाला तसाच सांगते आहे.

पहिले पंधरा दिवस दुःखाला सवडच मिळाली नाही. घरात एकटा असताना अचानक मृत्यू झाला की तिकडे प्रकरण कॉरोनरकडे, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातं. शवविच्छेदनात नैसर्गिक कारण निघालं, म्हणून पुढची चौकशी टळली आणि मृत्यूची नोंद झाली. आई-अण्णांकडे पासपोर्टच नव्हते. पार्थिव इकडे आणायचं की तिथेच अग्नी द्यायचा, यावर घरात एक रात्रभर बोलणं झालं आणि पहाटे अण्णाच म्हणाले, "त्याच्या देहाचे आणखी हाल नकोत." त्याच्या नांदेडच्या मित्राने तिथे सगळं केलं, आम्ही फोनवर पाहिलं. मार्चमध्ये त्यानेच अस्थी आणल्या आणि गंगाखेडला गोदावरीत विसर्जन केलं.

याच दिवसांतली एक गोष्ट आमच्या फार कामी आली. मृत्यू दाखल्याची एक प्रत तेव्हा ११ पाउंडाला मिळायची. मित्राने एकदम आठ घेतल्या. बँक, कर्ज देणारी संस्था, पेन्शनवाले, सॉलिसिटर (तिथले वकील), सगळ्यांना मूळ प्रत लागते आणि ती परत यायला आठवडे जातात. यातल्या तीन प्रतींवर त्याने तिथल्या परराष्ट्र खात्याचं अपॉस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून देतात तो प्रमाणीकरणाचा शिक्का, करून घेतलं, तेव्हा प्रत्येकी ३० पाउंड अधिक कुरियर. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे हा शिक्का असलेला दाखला इकडे वेगळ्या साक्षांकनाशिवाय चालतो. पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड परत पाठवण्याआधी प्रत्येक पानाचं स्कॅन करून ठेवा. त्याच्या जुन्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं होती. पुढे नातं सिद्ध करायला सगळ्यात भक्कम कागद तोच ठरला, कारण आमच्या गावात १९८१-८२ च्या जन्मांच्या नोंदी धड सापडत नाहीत आणि दहावीच्या त्या वेळच्या प्रमाणपत्रावर आईचं नाव नसायचं.

तिथली सरकारी खाती कळवायला 'टेल अस वन्स' नावाची सोय आहे. एकदाच माहिती दिली की कर, पासपोर्ट, वाहन परवाना, नगरपालिका सगळीकडे जाते. बँकांना मात्र वेगवेगळं कळवावं लागतं. कळवलं की खातं गोठतं. तरी अंत्यविधीचं बिल दाखवलं तर बँक त्या खात्यातून थेट अंत्यविधी करणाऱ्यांना पैसे देते. मित्राने खिशातून भरायची तयारी ठेवली होती, पण तशी वेळ आली नाही.

एप्रिलमध्ये गावी तलाठी कार्यालयात गेले. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी तलाठी साहेबच आहेत. दाखला पाहून ते म्हणाले, "मॅडम, हा इंग्लंडचा आहे. आपल्या ग्रामपंचायतीचा आणा." ग्रामपंचायतीत विचारलं तर उत्तर सरळ होतं : मृत्यू ज्या हद्दीत होतो तिथेच त्याची नोंद होते, इथे होऊच शकत नाही. पारावर बसलेल्या एका भल्या माणसाने सुचवलं की गावी सुट्टीवर आला असताना वारला असं दाखवून दाखला काढू, दोन साक्षीदार मी देतो. त्यांनी आपुलकीनेच म्हटलं होतं. पण खोटी नोंद हा गुन्हा आहे आणि एका माणसाचे दोन देशांत दोन मृत्यू दाखले निघाले तर पुढचं प्रत्येक काम अडकेल, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

मग आम्ही अपॉस्टिल केलेल्या दाखल्याचं मराठी भाषांतर केलं, ते नोटरी केलं आणि अण्णांचं शपथपत्र जोडलं. सोबत वंशावळ, रेशन कार्ड आणि पोलीस पाटलांचा दाखला. तहसीलमध्ये लेखी अर्ज देऊन आवक क्रमांक घेतला. वारसाहक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं असं जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ मध्ये आहे. उशिराने वारसाहक्क जात नाही. तरी त्या तारखेच्या आत दिलेल्या अर्जाची पोच हातात असली की बोलताना बळ येतं. आता वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरूनही करता येतो.

गावात आणखी एक बोलणं पसरलं होतं, की तो परदेशी नागरिक झाला म्हणजे जमीन सरकारजमा होणार. आईने ते मनाला फार लावून घेतलं होतं. खरी गोष्ट अशी : ओसीआय कार्डधारकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. पण भारतात राहत असताना जी जमीन त्याच्या नावे होती ती त्याचीच राहते आणि त्याच्या वारसांना मिळते. आमची वाटणी २००४ ची, तो इथेच होता तेव्हाची. त्या फेरफाराची नक्कल काढून आईच्या हातात दिली तेव्हा तिला धीर आला.

आता वारस कोण, हा भाग. तलाठ्यांनी अर्जात वारस म्हणून सहज अण्णांचं नाव घातलं होतं. गावात कुणालाही विचारा, बिनलग्नाच्या पोराचा वारस बापच, असंच सांगतील. पण हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ च्या कलम ८ प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर पहिल्या वर्गातले वारस आधी, आणि त्या वर्गात बायको-मुलांबरोबर आई आहे. वडील दुसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गातलं एकही माणूस हयात असेल तर दुसऱ्या वर्गाला काही मिळत नाही. म्हणजे इथली जमीन आणि प्लॉट एकट्या आईचे. बहीण म्हणून माझा नंबर तर त्याहून मागे.

हे अण्णांना कसं सांगायचं, या विचाराने मला दोन दिवस झोप नव्हती. ती जमीन त्यांनी कसलेली, विहीर त्यांनी खोदलेली, पोराला वाटणी त्यांनीच दिलेली. सांगितल्यावर त्यांनी कायद्याचं ते पान माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "तिच्या नावानं होऊ द्या. नऊ महिने तिनं वागवलं होतं." मंडळ अधिकाऱ्यांसमोर त्यांनी तसा जबाब दिला. त्या अधिकाऱ्यांनीही कलम स्वतः उघडून पाहिलं आणि अर्ज दुरुस्त करून घेतला. सहा-क या गाव नमुन्यात वारसाची नोंद, मग सहाच्या नमुन्यात फेरफार, चावडीवर नोटीस, हरकतीचे पंधरा दिवस. नोव्हेंबर २०२३ मध्ये फेरफार मंजूर झाला. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो. तो काढून नाव, गट नंबर आणि क्षेत्र अक्षर न अक्षर तपासा, चूक असेल तर तेव्हाच दुरुस्तीचा अर्ज द्या. २०२५ मध्ये शासनाने 'जिवंत सातबारा' मोहीम काढून राज्यभर मयत खातेदारांच्या वारसांची नावं लावली. तुमच्या घरच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल तर परदेशातल्या भावंडांच्या सह्यांची वेळ येण्याआधी ते काम उरकून घ्या.

लातूरच्या प्लॉटला मात्र नुसत्या शपथपत्रावर काम झालं नाही, कोर्टाचं वारस प्रमाणपत्र मागितलं. जुलै २०२३ मध्ये लातूरला दिवाणी न्यायालयात अर्ज केला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, आईचा जबाब झाला, मार्च २०२४ मध्ये प्रमाणपत्र मिळालं. वकिलांची फी, जाहिरात, नकला मिळून साधारण ३५ हजार गेले. प्रमाणपत्राच्या प्रमाणित नकला तेव्हाच चार-पाच काढून घ्या. बँकेतल्या ठेवीवर अण्णांचं नामनिर्देशन होतं, म्हणून ती लवकर सुटली. पण नामनिर्देशित माणूस मालक होत नाही. तो वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शेअर्सबद्दल सांगितलेलं आहे. आमच्याकडे त्यावरून प्रश्न आला नाही. भावाभावांत असेल तर आधीच बोलून घ्यावं.

इंग्लंडचं काम याच्या बरोबरीने चाललं होतं. तिथे मृत्युपत्र नसेल तर 'लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन', म्हणजे मयताच्या मालमत्तेची व्यवस्था लावायचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. हक्क आई-वडिलांचा, पण ते इथे. म्हणून त्यांनी मित्राला मुखत्यारपत्र देऊन त्याने त्यांच्या वतीने अर्ज करायचा असं ठरलं. मुखत्यारपत्राचा मसुदा सॉलिसिटरनेच पाठवला. तो आईला मराठीत वाचून दाखवला असं नोटरीने त्यावर लिहून दिलं. ते वाक्य सॉलिसिटरने मुद्दाम मागितलं होतं, कारण कागद इंग्रजीत आणि सही देवनागरीत. आई सही करते, पण सावकाश, एकेक अक्षर जुळवून, आणि प्रत्येक सही थोडी वेगळी येते. नोटरींना घाई होती. मी त्यांना म्हटलं, "साहेब, तिला वेळ द्या, पुन्हा मुंबईला कागद पाठवायचा नाही." ते थांबले, चांगले माणूस होते. नोटरी, त्यावर राज्य शासनाची साक्ष, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल असा क्रम आहे. मंत्रालयाची अपॉस्टिलची फी ५० रुपयेच, वर एजन्सीचा आकार. मी लातूर एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन स्वतः केलं. एजंट याचे हजारो मागत होते.

त्याआधी नावांचा घोळ निस्तरावा लागला. भावाच्या पासपोर्टवर आईच्या नावाला 'बाई' जोडलेलं, आधारवर 'बाई' नाही, बँकेत इंग्रजी स्पेलिंग तिसरंच, आणि तिच्या स्वतःच्या आठ-अ उताऱ्यावर आपल्याकडच्या जुन्या पद्धतीने 'भ्र.' लिहून पुढे अण्णांचं नाव. इंग्लंडच्या सॉलिसिटरला या चार वेगवेगळ्या बाया वाटल्या. सगळी रूपं एकाखाली एक लिहून, ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं शपथपत्र केलं, 'भ्र.' म्हणजे अमक्याची पत्नी हेही त्यातच स्पष्ट केलं. आईचं पॅन कार्ड आणि बँक खातं या दोन ठिकाणची स्पेलिंगं तरी एकसारखी करून घ्या. शेवटी पैसे त्याच नावाने येतात.

जून २०२३ मध्ये सॉलिसिटरचं एक पत्र आलं, त्याने आमचं घर हललं. प्रश्न असे होते : तो भारतात कायमचा परतणार होता का? म्हातारपण कुठे काढणार असं तो म्हणत असे? लातूरचा प्लॉट कशासाठी घेतला? भारतात किती वेळा यायचा? इंग्रजी कायद्यात माणसाचा कायमचा देश कोणता मानायचा, यावर त्याची बँकेतली रक्कम आणि इतर जंगम मालमत्ता कोणत्या कायद्याने वाटायची हे ठरतं. फ्लॅट मात्र जिथे आहे तिथल्या कायद्याने जातो. इंग्लंडच्या कायद्याने अविवाहित, मूलबाळ नसलेल्या माणसाची मालमत्ता आई-वडिलांना निम्मी-निम्मी मिळते. भारत धरला असता तर फ्लॅट दोघांचा आणि बँकेतले पैसे एकट्या आईचे झाले असते.

आई एकच सांगत राहिली, "माझं लेकरू येणारच होतं. प्लॉट कशाला घेतला मग?" अण्णा बोलले नाहीत. मी त्याचे जुने मेसेज वाचत बसले. एकात होतं, ताई, प्लॉटला कंपाउंड करून घे. दुसऱ्यात होतं, इथे एक बाग भाड्याने घेतली आहे, वांगी लावली आहेत. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं होतं, घर घेतलं होतं, परतायची तारीख कधी बोलला नव्हता. मी दोन्ही लिहिलं, जसं होतं तसं, आणि दोन्ही मेसेजचं भाषांतर जोडलं. सॉलिसिटरने इंग्लंड धरलं. आईला मी सांगितलं, हा कागदापुरता निर्णय आहे, तुझं म्हणणं खोटं ठरलं असा त्याचा अर्थ नाही. तिने ते मान्य केलं की नाही मला माहीत नाही. ज्यांच्या घरी असं पत्र येईल त्यांनी घाईने, सोयीचं उत्तर लिहू नये. एप्रिल २०२५ पर्यंत तेच उत्तर तिथल्या वारसा करासाठीही वापरलं जायचं.

इंग्लंडमध्ये वारसा कराची मर्यादा ३,२५,००० पाउंड आहे, त्यावर ४० टक्के. फ्लॅटच्या किमतीतून कर्ज वजा जाता आम्ही मर्यादेच्या आत होतो, कर लागला नाही. नोकरीत असताना मृत्यू झाल्याबद्दल कंपनीच्या योजनेतून मिळणारी रक्कम ट्रस्टी ठरवतात. ती मालमत्तेत धरली नाही आणि सगळ्यात आधी, सप्टेंबरमध्येच आली, कारण ही रक्कम कुणाला द्यावी या योजनेच्या रकान्यात त्याने आई-अण्णांची नावं भरून ठेवली होती. तुमचं कुणी परदेशात नोकरीला असेल तर आजच फोन करून तो रकाना भरला का विचारा. न वापरलेलं पेन्शन एप्रिल २०२७ पासून वारसा करात धरायचं तिथल्या सरकारने ठरवलं आहे, तेही लक्षात असू द्या.

ऑगस्ट २०२३ मध्ये अर्ज गेला, फी २७३ पाउंड. त्या वर्षी तिथे या अर्जांना फार उशीर होत होता, आमचं अधिकारपत्र फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. मधल्या काळात फ्लॅट रिकामा. रिकाम्या घराचा विमा बहुतेक कंपन्या महिनाभरानंतर आखडता घेतात, म्हणून वेगळा विमा काढावा लागला. मयताचं घर रिकामं असेल तर कौन्सिल टॅक्स (तिथल्या नगरपालिकेचा घराचा कर) माफ असतो, अधिकारपत्र मिळाल्यानंतरही सहा महिने. पण तसं कळवावं लागतं. कर्जाचं व्याज मात्र चालूच राहतं. अधिकारपत्र मिळाल्यावर 'द गॅझेट' या तिथल्या राजपत्रात, ज्यांचं भावाकडे काही येणं असेल त्यांच्यासाठी नोटीस दिली, तिची मुदत दोन महिने. तोवर वाटप करायचं नाही, नाहीतर मागाहून कुणी येणं मागत आलं तर वाटप करणाऱ्याच्या अंगावर येतं. मित्राच्या जिवाला हा घोर नको म्हणून आम्हीच आग्रह धरला.

फ्लॅट विकण्याआधी लातूरच्या सीएंना विचारलं, ते बरं झालं. इंग्लंडमध्ये नफा मोजताना मृत्यूच्या दिवशीची किंमत धरतात. आपल्याकडे वारसाने मिळालेल्या मालमत्तेला मूळ मालकाने दिलेली किंमत धरतात. त्यामुळे त्याच्या खरेदीचे, नोंदणीचे, दुरुस्तीचे सगळे कागद जपून ठेवावे लागतात. वारसाने मिळणं यावर भारतात कर नाही. इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच बंद झाली. परदेशातून निवासी भारतीयाला वारशाने आलेली मालमत्ता फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या कलम ६(४) प्रमाणे तिकडेच ठेवताही येते. पण परदेशात काही नावावर असेल तर आयकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या रकान्यात ते दाखवावंच लागतं, उत्पन्न कमी असलं तरी. आई-अण्णांनी जन्मात विवरणपत्र भरलं नव्हतं. दोघांचं भरलं.

फ्लॅट डिसेंबर २०२४ मध्ये विकला गेला. सॉलिसिटरची फी त्याच रकमेतून वजा झाली, सगळा हिशेब पानोपान आला. एप्रिल २०२५ मध्ये दोघांच्या खात्यात पैसे आले. इथल्या बँकेने उद्देश विचारला, तेव्हा ते अधिकारपत्र, हिशेब आणि मृत्यू दाखला असा संच दिला आणि तिसऱ्या दिवशी जमा झाले. एवढी रक्कम येणार हे शाखेत आधीच लेखी कळवून ठेवलं होतं.

मेमध्ये आईने दुय्यम निबंधक कार्यालयात स्वतःचं मृत्युपत्र नोंदवलं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी फी १०० रुपये, आणि दोन साक्षीदार. अण्णांनी आठवड्याने त्यांचं केलं.